जादा कामाचा मोबदला : दर दुप्पट, पण तासांचा हिशेब कुणाकडे?

चंदीगड : चंदीगडला लागून असलेल्या मोहाली शहराच्या सेक्टर 81 मध्ये वसलेली नॉलेज सिटी ही उत्तर भारतातील उच्च शिक्षण आणि संशोधनाची एक महत्त्वाची वसाहत मानली जाते. 2007 साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था अर्थात आयसर, राष्ट्रीय कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्था, नॅनो विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था, तसेच इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे 2012 साली सुरू झालेले संकुल या एकाच परिसरात आहेत. लगतच्या भागात माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये उभी राहिली आहेत. या साऱ्या इमारतींत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. आत कुणी प्रयोगशाळेत असतो, कुणी परदेशातील ग्राहकाच्या वेळेनुसार संगणकापुढे बसलेला असतो, कुणी भोजनगृहातील भांडी आवरत असतो, तर कुणी प्रवेशद्वारावर पहारा देत असतो.

हे सर्व जण ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ काम करीत असतील, तर त्यांपैकी जादा कामाचा मोबदला मागण्याचा अधिकार कुणाला आहे, असा प्रश्न 2025 या वर्षाने नव्याने पुढे आणला आहे. त्या वर्षी पंजाब सरकारने दुकाने व व्यापारी आस्थापना अधिनियमात दुरुस्ती केली, महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढविणाऱ्या दुरुस्त्यांना मान्यता दिली आणि 21 नोव्हेंबर रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या. या तिन्ही निर्णयांत जादा कामाचा दर दुप्पटच राहिला आहे. बदलली ती जादा कामाची मर्यादा, आणि त्याबरोबर त्यावर देखरेख ठेवण्याची पद्धत. या बदलांचा कामगाराच्या वेतनचिठ्ठीवर काय परिणाम होतो, हे त्यामुळे बारकाईने पाहणे आवश्यक ठरते.

एक परिसर, तीन सरकारे

नॉलेज सिटीचा उल्लेख अनेकदा चंदीगडच्या नावाने होत असला, तरी प्रशासकीयदृष्ट्या ती पंजाबच्या साहिबजादा अजितसिंग नगर जिल्ह्यात मोडते. चंदीगड हा केंद्रशासित प्रदेश आहे आणि पलीकडचे पंचकुला हरियाणात आहे. या तिन्ही ठिकाणी दुकाने आणि खासगी कार्यालये यांच्यासाठीचा मूळ कायदा एकच, म्हणजे पंजाबचा 1958 चा अधिनियम होय. पुढील दुरुस्त्या मात्र प्रत्येक सरकारने आपापल्या केल्या. परिणामी काही किलोमीटरच्या अंतरात कामगाराचे हक्क बदलू शकतात. रोज एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत कामाला जाणाऱ्या माणसाला याची कल्पना असतेच असे नाही. त्याचे घर कोठे आहे यावर काहीही अवलंबून नसते. आस्थापना ज्या हद्दीत असते, तेथील कायदा त्याला लागू होतो.

पंजाबच्या अधिनियमानुसार कामाची मर्यादा दिवसाला 9 तास आणि आठवड्याला 48 तास आहे. त्यापुढील प्रत्येक तासाला नेहमीच्या दराच्या दुप्पट मोबदला द्यावा लागतो. पूर्वी एका तिमाहीत जास्तीत जास्त 50 तास जादा काम घेता येत असे. 2025 च्या दुरुस्तीने ही मर्यादा 144 तासांवर नेली. विश्रांतीसह कामाचा एकूण पसारा दिवसाला 10 तासांऐवजी 12 तासांपर्यंत ठेवण्याची मुभाही देण्यात आली. त्याच दुरुस्तीने 20 पर्यंत कामगार असलेल्या आस्थापनांना या अधिनियमाच्या तरतुदींतून सूट दिली. राज्य सरकारने ही दुरुस्ती छोट्या व्यावसायिकांवरील कागदपत्रांचा बोजा कमी करण्यासाठी असल्याचे सांगितले होते. तथापि अशा छोट्या दुकानांतील कामगारांना आता मुख्यत्वे वेतनविषयक केंद्रीय कायद्याचाच आधार उरला आहे.

महाराष्ट्राची वाटचालही याच दिशेने झाली. 3 सप्टेंबर 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचे कमाल तास दिवसाला 9 वरून 12, तर दुकाने व आस्थापनांतील तास 9 वरून 10 करण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. जादा कामाची तिमाही मर्यादा कारखान्यांसाठी 115 तासांवरून आणि दुकानांसाठी 125 तासांवरून 144 तासांपर्यंत वाढविण्यात आली. यासाठी कामगाराची संमती आणि दुप्पट दराने मोबदला या अटी कायम राहतील, असे सरकारने स्पष्ट केले होते.

मोबदला नेमका केव्हा देय होतो?

कामगार संहिता लागू होण्यापूर्वी कारखान्यांसाठी 1948 चा कारखाने अधिनियम हा आधार होता. त्याच्या कलम 59 मध्ये दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांहून अधिक काम करणाऱ्यास दुप्पट दराने वेतन देण्याची तरतूद होती. आता त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 या कायद्याने घेतली आहे. राज्यांचे दुकाने अधिनियम मात्र या संहितेत विलीन झालेले नाहीत. त्यामुळे दोन्ही व्यवस्था शेजारीशेजारी नांदत आहेत.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होणाऱ्या या संहितेच्या कलम 25 नुसार कोणत्याही कामगाराकडून दिवसाला 8 तासांहून अधिक काम करवून घेता येत नाही किंवा त्याला तसे करू देता येत नाही. यातील 'करू देता येत नाही' हे शब्द महत्त्वाचे आहेत. लेखी आदेश दिला नव्हता, कामगार स्वतःहून थांबला, असा बचाव मालकाकडून अनेकदा केला जातो. परंतु वरिष्ठांच्या डोळ्यांदेखत काम चालू असेल आणि त्याचा लाभ आस्थापनेला मिळत असेल, तर आदेशाचा कागद नसणे हे मोबदला नाकारण्यास पुरेसे कारण ठरू नये, हाच या शब्दांचा आशय आहे.

कलम 27 मध्ये जादा कामासाठी दुप्पट दर ठरवून देण्यात आला आहे. जादा तासांची मोजणी दिवसाच्या किंवा आठवड्याच्या हिशेबाने, यांपैकी जी कामगाराला अधिक लाभदायक असेल त्या पद्धतीने करावी, असेही त्यात नमूद आहे. जादा कामासाठी कामगाराची संमती आवश्यक आहे. याखेरीज वेतन संहिता, 2019 च्या कलम 14 नुसार, ज्या कर्मचाऱ्याचे किमान वेतन ठरविण्यात आले आहे त्याने सामान्य कामाच्या दिवसापेक्षा अधिक काम केल्यास प्रत्येक तासाला किंवा तासाच्या भागालाही दुप्पटीहून कमी नाही असा दर द्यावा लागतो.

बारा तासांच्या पाळीचे गणित

कायद्यातील या शब्दांचा अर्थ एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या संकुलात कंत्राटदारामार्फत नेमलेल्या पहारेकऱ्याचे मासिक वेतन 13,000 रुपये आहे, असे समजू. महिन्याचे 26 दिवस आणि दिवसाचे 8 तास धरले, तर त्याचा दिवसाचा दर 500 रुपये आणि तासाचा दर साडेबासष्ट रुपये होतो. जादा कामाचा दर तासाला 125 रुपये होईल. हा पहारेकरी आठवड्याचे सहा दिवस प्रत्यक्ष 12 तास काम करीत असेल, तर आठवड्याला 72 तास भरतात.

दिवसाची 9 तासांची मर्यादा धरून मोजणी केली, तर जादा तास आठवड्याला 18 होतात. आठवड्याची 48 तासांची मर्यादा धरली, तर ते 24 होतात. कायद्याने दुसरी मोजणी ग्राह्य धरावी लागेल, कारण ती कामगाराच्या लाभाची आहे. महिन्याचा हिशेब केला तर 104 जादा तासांचे 13,000 रुपये होतात. याचा अर्थ असा, की बारा तासांची पाळी करणाऱ्या या माणसाला महिन्याकाठी 26,000 रुपये मिळायला हवेत. त्याला जादा तासांसाठी एकेरी दराने पैसे दिले, तर हातात 19,500 रुपये पडतील. 'बारा तासांची ड्यूटी, पगार तेरा हजार' असे तोंडी ठरवून घेतले असेल, तर त्याच्या श्रमाच्या कायदेशीर मोलाचा निम्मा भाग बुडालेला असेल.

याच उदाहरणातून आणखी एक बाब समोर येते. आठवड्याला 24 जादा तास म्हणजे तेरा आठवड्यांच्या तिमाहीत 312 तास. वाढवून दिलेली 144 तासांची मर्यादादेखील याच्या निम्म्याहून कमी आहे. म्हणजेच देशभरातील निवासी सोसायट्या, रुग्णालये, महाविद्यालये आणि कार्यालये यांच्या दारांवर रुळलेली बारा तासांची, सहा दिवसांची पाळी नव्या सवलतींनंतरही कायद्यात बसत नाही. मर्यादेबाहेर काम घेणे हा स्वतंत्र कायदाभंग आहे. मात्र त्यामुळे केलेल्या कामाच्या मोबदल्याचे दायित्व संपत नाही.

दुप्पट दर कशासाठी?

जादा कामाला दुप्पट दर देण्यामागे कामगाराला बक्षीस देण्याचा हेतू नाही. जादा काम मालकाला महाग पडावे आणि त्याने थकलेल्या माणसाला थांबवून घेण्याऐवजी दुसऱ्या माणसाला काम द्यावे, हा त्यामागील विचार आहे. या विचाराची पाळेमुळे जुनी आहेत आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभारली. तिच्या प्रयत्नांतून 1890 साली गिरण्यांत रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. त्या काळी कामाचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा असे.

1919 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच करारात दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांचे तत्त्व मान्य केले. त्यात जादा कामासाठी किमान सव्वापट दर सुचविण्यात आला होता. भारताने हा करार 1921 साली मान्य केला खरा, परंतु भारतासाठी आठवड्याला 60 तासांची वेगळी सवलत त्यातच ठेवण्यात आली होती. पुढे 1934 च्या कायद्याने ही मर्यादा 54 तासांवर आणली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत मांडण्यात आलेल्या 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आला. स्वतंत्र भारताच्या 1948 च्या कायद्याने हीच मर्यादा कायम ठेवली.

उद्योगांच्या संघटना या दराबाबत वेगळे मत मांडतात. आंतरराष्ट्रीय करारात सव्वापट आणि अमेरिकेच्या 1938 च्या कायद्यात आठवड्याच्या 40 तासांनंतर दीडपट दर असताना भारतातील दुप्पट दर निर्यातदारांना परवडत नाही, असे त्यांचे म्हणणे असते. मागणी अचानक वाढते तेव्हा तात्पुरती भरती करणे शक्य नसते, हा युक्तिवादही निराधार म्हणता येणार नाही. परंतु या तुलनेत अमेरिकेतील 40 तास आणि भारतातील 48 तास हा फरक सहसा सांगितला जात नाही. भारतातील कामगाराचा जादा काळ सुरू होतो, त्याच्या आधीच अमेरिकेतील कामगार दीडपट दराचे आठ तास कमावून बसलेला असतो.

आरोग्याचा मुद्दा याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 2016 या एका वर्षात दीर्घकाळ कामाशी निगडित पक्षाघात आणि हृदयविकाराने जगात सुमारे 7 लाख 45 हजार मृत्यू झाले. आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्के अधिक असल्याचा निष्कर्ष त्यात काढण्यात आला. तिमाहीला 50 जादा तासांची जुनी मर्यादा पूर्ण वापरली, तरी आठवड्याची सरासरी 52 तासांच्या आत राहत होती. 144 तासांची मर्यादा पूर्ण वापरल्यास ती 59 तासांवर जाते. अभ्यासाने दाखविलेली धोक्याची रेषा कायद्याच्या चौकटीत राहूनच ओलांडता येईल, असा याचा अर्थ होतो.

'टीम लीड' कामगार आहे काय?

माहिती तंत्रज्ञान आणि सेवा क्षेत्रातील कर्मचाऱ्यांपुढे पहिला अडसर हा व्याख्येचा असतो. संहितेनुसार शारीरिक, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचे काम करणारी व्यक्ती कामगार ठरते. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय स्वरूपाचे काम करणारे, तसेच देखरेखीचे काम करून महिन्याला 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारे यातून वगळण्यात आले आहेत. मात्र नियुक्तिपत्रावर 'एक्झिक्युटिव्ह' किंवा 'टीम लीड' असे लिहिले म्हणून कुणी व्यवस्थापक होत नाही. हुद्द्याचे नाव पाहू नये, प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहावे, अशी भूमिका न्यायालयांनी कामगार कायद्यांच्या संदर्भात सातत्याने घेतली आहे. दिवसभर संगणकप्रणालीतील दोष दुरुस्त करणारा अभियंता तांत्रिक काम करतो की व्यवस्थापकीय, याचे उत्तर त्याच्या कामातच शोधावे लागते.

नॉलेज सिटीतील संशोधक विद्यार्थ्यांची स्थिती निराळी आहे. त्यांना मिळते ती विद्यावृत्ती असते. जानेवारी 2023 पासून कनिष्ठ संशोधन विद्यावृत्ती महिन्याला 37,000 रुपये आणि वरिष्ठ विद्यावृत्ती 42,000 रुपये करण्यात आली. ही रक्कम वेतन समजली जात नसल्यामुळे मध्यरात्रीपर्यंत चाललेल्या प्रयोगाला जादा कामाचा दर लागू होत नाही. त्याच इमारतीची साफसफाई करणाऱ्या कंत्राटी कामगाराला मात्र तो लागू होतो.

सरकारी सेवेचा प्रश्नही वेगळा ठरतो. सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशनच्या पर्यवेक्षकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये निर्णय दिला. ज्यांची सेवा सरकारी सेवानियमांनी बांधलेली आहे, त्यांना त्या नियमांत तरतूद नसताना कारखाने अधिनियमाच्या आधारे दुप्पट भत्ता मागता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. सरकारी कर्मचाऱ्यांना वेतन आयोग, रजा आणि सेवासुरक्षा असे अन्य लाभ मिळतात, हा त्यामागील युक्तिवाद होता. सरकारी कार्यालयांत कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांना हे लाभ नसतात. सुरक्षा व आरोग्य संहितेतून सरकारी कार्यालये वगळण्यात आली असली, तरी तेथील कंत्राटी कामगारांना ती लागू ठेवण्यात आली आहे.

न्यायालयाने घातलेला बांध

जादा कामाच्या मोबदल्याबाबत अलीकडच्या काळातील सर्वांत महत्त्वाचा निकाल कोरोना साथीच्या वर्षातील आहे. गुजरात सरकारने 17 एप्रिल 2020 रोजी एक अधिसूचना काढून कारखान्यांना दिवसाला 12 आणि आठवड्याला 72 तास काम घेण्याची परवानगी दिली. जादा तासांना दुप्पट दर देण्याची गरज नाही, प्रमाणशीर वेतन पुरेसे आहे, असेही त्यात म्हटले होते. आठ तासांना 80 रुपये मिळत असतील तर बारा तासांना 120 रुपये द्यावेत, असे उदाहरण त्या अधिसूचनेतच देण्यात आले होते. यासाठी कायद्यातील 'सार्वजनिक आणीबाणी'च्या तरतुदीचा आधार घेण्यात आला.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी ही अधिसूचना रद्दबातल ठरविली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालानुसार साथीमुळे आलेली आर्थिक मंदी म्हणजे देशाच्या सुरक्षिततेला धोका पोहोचविणारी आणीबाणी नव्हे. अर्थव्यवस्था सावरण्याचा भार कामगारांच्याच खांद्यावर टाकता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आणि अधिसूचना निघाल्यापासून काम केलेल्या पात्र कामगारांना जादा कामाचा कायदेशीर मोबदला देण्याचा आदेश दिला. त्याआधी 1982 साली दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात याच न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करवून घेणे हे घटनेच्या अनुच्छेद 23 मधील वेठबिगारीच्या कक्षेत येते, असे म्हटले होते.

हजेरीपट कुणाच्या हाती?

कायदा असा स्पष्ट असतानाही मोबदला का मिळत नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी नोंदींत सापडते. कामगार किती वाजता आला आणि किती वाजता गेला, याची नोंद मालकाच्या किंवा कंत्राटदाराच्या ताब्यात असते. बोटाचा ठसा घेणारे यंत्र आठ तासांनंतर 'बाहेर' अशी नोंद दाखवील आणि काम मात्र पुढे चालूच राहील, असे घडू शकते. घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत तर दाराचीही साक्ष नसते. रात्री आलेला संदेश, पाठविलेला ईमेल, दूरध्वनीवरील बैठक हीच त्यांची हजेरी असते.

संमतीचाही प्रश्न आहे. नियुक्तीच्या दिवशीच 'आवश्यकतेनुसार जादा काम करण्यास माझी हरकत नाही' या ओळीवर सही घेतली जात असेल, तर ती संमती कितपत मोकळेपणाची, हे पाहावे लागेल. ज्याच्या दाराबाहेर दुसरे दहा उमेदवार उभे आहेत, तो नकार देण्याच्या स्थितीत नसतो. त्याचबरोबर अनेक कामगारांना जादा काम हवेही असते, कारण आठ तासांच्या वेतनात घर चालत नाही. या दोन्ही बाबी एकाच वेळी खऱ्या आहेत. मूळ वेतन पुरेसे नसणे हे जादा कामाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

वेतन संहितेत या दृष्टीने काही उपयुक्त तरतुदी आहेत. मोबदला थकल्याचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. तो कामगार स्वतः, त्याची नोंदणीकृत संघटना किंवा निरीक्षक-सह-सुलभकर्ता दाखल करू शकतो. पैसे दिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. थकीत रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत, तर ज्या आस्थापनेत काम झाले तिच्या मालकावर ती जबाबदारी येते. वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार घरभाडे, प्रवास यांसारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरचा भाग वेतनात मिळविला जातो. मूळ वेतन नाममात्र ठेवून जादा कामाचा दर पाडण्याच्या पद्धतीला यामुळे काही प्रमाणात आळा बसू शकतो.

दुसऱ्या बाजूला निरीक्षणाची धार कमी झाली आहे. निरीक्षकाचे रूपांतर 'सुलभकर्त्या'त झाले आहे. पहिल्या उल्लंघनात खटला भरण्याआधी मालकाला चूक दुरुस्त करण्याची संधी द्यावी लागते. कमी मोबदला दिल्याबद्दल पहिल्या वेळी 50 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वर उल्लेख केलेल्या पहारेकऱ्याचे चार महिन्यांचे थकीत पैसे या दंडाहून अधिक होतात. शंभर पहारेकरी पुरविणाऱ्या कंत्राटदाराला अशा दंडाची कितपत भीती वाटेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढील वाट

कामाच्या तासांवरील सार्वजनिक चर्चा गेल्या काही वर्षांत वारंवार पेटली. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे, असे आवाहन केले. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी 90 तासांचा उल्लेख केला. दरम्यान 2024 मध्ये पुण्यातील एका बहुराष्ट्रीय लेखा कंपनीत काम करणाऱ्या 26 वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने लिहिलेल्या पत्रामुळे देशभर खळबळ उडाली आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्याची स्वतःहून दखल घेतली. खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक 2018 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2025 मध्ये लोकसभेत मांडले.

या चर्चेत बहुधा उच्चपदस्थांच्या तासांचा उल्लेख होतो. ज्याला समभाग मिळतात आणि ज्याला दिवसाची मजुरी मिळते, त्यांचा सत्तरावा तास सारखा नसतो. त्यामुळे किती तास काम करावे या वादापेक्षा केलेल्या तासांची नोंद कशी व्हावी, हा प्रश्न अधिक तातडीचा आहे. प्रत्येक कामगाराला महिन्याच्या वेतनचिठ्ठीवर सामान्य तास, जादा तास आणि जादा दर स्वतंत्रपणे दिसावेत, हजेरीच्या यंत्रातील नोंद त्याला स्वतःच्या भ्रमणध्वनीवर पाहता यावी आणि सार्वजनिक संस्थांनी कंत्राट देताना बारा तासांच्या पाळीचा खरा खर्च निविदेतच धरावा, एवढे केले तरी बराच फरक पडेल. सर्वांत कमी बोलीला काम देणारी निविदा दुप्पट दराला जागाच ठेवत नसेल, तर पुढे कंत्राटदाराला दोष देऊन फारसे साध्य होत नाही.

कामगारानेही आपली नोंद आपल्याकडे ठेवणे हिताचे ठरते. साध्या वहीत रोजची येण्याजाण्याची वेळ, पाळी बदलून देणाऱ्या सहकाऱ्याचे नाव आणि वरिष्ठांचे संदेश जपून ठेवले, तर तीन वर्षांच्या मुदतीत दावा उभा राहू शकतो. नॉलेज सिटीच्या प्रवेशद्वारावरील पहारेकरी येणाऱ्या प्रत्येक वाहनाची वेळ मिनिटासह नोंदवहीत लिहून ठेवतो. त्याच्या स्वतःच्या वेळेची नोंद तितक्याच काटेकोरपणे ठेवली जाईल, त्या दिवशी दुप्पट दराचा कायदा त्याच्यापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.